साखळी ते मायामी: बोटीवरच्या नोकरीसाठी कागदपत्रांची माझी वाट

गेल्या काही महिन्यांत आमच्या भागातल्या बऱ्याच मुलामुलींनी मला विचारलंय, "बोटीवर जायला काय काय लागतं? एजंटाला किती द्यावे लागतात?" दुसऱ्या प्रश्नाने मला काळजी वाटते, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. बोटीवर नोकरी लावून देण्याबद्दल एजंटाने खलाशाकडून पैसे घेणं बेकायदेशीर आहे. पैसे लागतात ते पासपोर्ट, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि येण्याजाण्याला, आणि त्यातल्या प्रत्येकाची पावती मिळते. बाकी सगळं ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहिते.

मी गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातली. बाबांचा ट्रक खाणीवर चालायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर थोड्याफार चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. त्या वर्षी मी दहावीला होते. ट्रक अंगणात उभा आणि बँकेचे हप्ते चालू, अशी वेळ डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांवर आली. शेवटी बाबांनी ट्रक मिळेल त्या किमतीला विकला. कर्ज काढून किंवा आईचं सोनं गहाण ठेवून परदेशी जाण्याचा विचारसुद्धा आमच्या घरात कुणी केला नसता.

बारावीनंतर मी फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स केला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात बार्देशातल्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कॉमी, म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची मदतनीस, म्हणून लागले. पगार हातात चौदा हजार, वर सीझनमध्ये सर्व्हिस चार्जचा वाटा. ब्रेक शिफ्ट होती: सकाळी दहा ते तीन, मग संध्याकाळी सात ते शेवटची ऑर्डर संपेपर्यंत. मधल्या चार तासांत साखळीला जाऊन परत येणं जमत नाही, त्यामुळे स्टाफच्या खोलीत राहायचं. काम मला मनापासून आवडायचं. सकाळी स्टॉकचं भांडं चढवलं की त्या वासानेच दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. पण कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, आणि पाऊस लागला की आधी कॉमींनाच घरी बसवतात. २०२३ च्या जूनमध्ये आमच्यातल्या निम्म्या जणांना "ऑगस्टनंतर बघू" असं सांगण्यात आलं. त्यात मीही होते.

माझ्याबरोबर शिकलेल्यांचं तेव्हा काय चाललं होतं, तेही सांगते, कारण त्या पावसाळ्यात आम्ही सगळे याच एका विषयावर बोलायचो. एक मैत्रीण मोपा विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये लागली होती. नोकरी घराजवळ, पण रात्रपाळ्यांमुळे झोपेचे हाल. एक जण वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कंत्राटदाराच्या पटावर. एक सरकारी भरतीच्या परीक्षेसाठी रोज वाचनालयात बसायची. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, सगळं तयार ठेवून. आणि एकाने आजोबांच्या जन्माच्या नोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद करायला घातले होते, त्याला इंग्लंडला मामाकडे जायचं होतं. कुणीही आळशी नव्हतं. प्रत्येकाला घर सोडावं लागेल की नाही, एवढंच ठरायचं होतं.

मला बोटीची वाट आमच्या हॉटेलच्या सू शेफनी, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफनी, दाखवली. त्यांनी तरुणपणी क्रूझवर बरीच वर्षं काढली होती. आमच्या डिचोली-सत्तरीकडे बोटीवर जाणारे कमी. सासष्टी-बार्देशात घराघरांत तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, असतात, त्यांना कागदांचा क्रम लहानपणापासून ऐकून माहीत असतो. मला कुणी सांगणारं नव्हतं. शेफ म्हणाले, "पोरी, आधी पासपोर्ट. मग सगळ्या कागदांवर नाव एकसारखं कर. मग मुलाखत दे. निवड झाल्याशिवाय कोर्सला पैसे भरू नकोस." हे शेवटचं वाक्य हॉटेल विभागात, म्हणजे किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंगमध्ये जाणाऱ्यांसाठी आहे. डेक किंवा इंजिन विभागात जायचं असेल तर आधी मान्यताप्राप्त संस्थेतलं प्री-सी, म्हणजे जहाजावर जाण्याआधीचं, प्रशिक्षण लागतं, ती वाट वेगळी. चौकशी करताना आपण कोणत्या विभागासाठी विचारतोय हे आधी सांगा, नाहीतर समोरचा भलतीच माहिती देतो.

पासपोर्ट पणजीच्या सेवा केंद्रातून काढला. फी दीड हजार. अर्ज ऑनलाइन, ठरलेल्या वेळी मूळ कागद घेऊन जायचं, मग पोलीस पडताळणी. पोलीस घरी आले तेव्हा शेजारची दोन माणसं साक्षीला लागली, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं पडतं. दहावी पास असल्याचा दाखला जोडला तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागेल असा, शिक्का येत नाही. पासपोर्ट तीन आठवड्यांत हातात आला.

नावाने मात्र जास्त वेळ खाल्ला. जन्मदाखल्यावर आणि आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, एका अक्षराचा फरक. शाळेच्या रजिस्टरातच ते तसं उतरवलेलं होतं. पुढे सीडीसीसाठी, म्हणजे खलाशाच्या पुस्तकासाठी, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून तपासतात, त्यामुळे हे आधीच निस्तरायला हवं होतं. प्रतिज्ञापत्र, शाळेचं पत्र, जन्मदाखल्याची प्रत असं सगळं घेऊन पर्वरीला बोर्डाच्या ऑफिसात अर्ज दिला. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. चवथीच्या आधी आणि नंतर आमच्याकडे सगळी ऑफिसं रिकामी असतात, हे लक्षात घेऊनच तारखा धरा. दुरुस्त प्रमाणपत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिळालं. खर्च काहीशे रुपयांचाच, पण दोन महिने गेले. ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी आज घरी बसून आपले सगळे दाखले एका टेबलावर मांडून नावं ताडून पाहावीत. याला एक पैसा लागत नाही.

हे चालू असतानाच एजंटाकडचा प्रकार घडला. म्हापशात एक ऑफिस आहे असं कुणीतरी सांगितलं. बाबा आणि मी गेलो. एसी, भिंतीवर मोठमोठ्या जहाजांचे फोटो. तिथल्या माणसाने दीड लाख सांगितले, निम्मे आधी आणि निम्मे व्हिसा झाल्यावर. मी शेफनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "तुमचा आरपीएसएल नंबर काय?" तो म्हणाला, "आमचं मुंबईच्या ऑफिसशी टायअप आहे." कोणत्या ऑफिसशी, ते सांगेना. बाबा उठले आणि मला म्हणाले, "चल बाय." परतीच्या बसमध्ये आम्ही दोघंही गप्प होतो. इतका वेळ तो माणूस आईच्या गळ्यातल्या सोन्याचाच हिशोब करत होता असं मला वाटत राहिलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तर आरपीएसएल म्हणजे खलाशांची भरती करण्याचा परवाना. तो मुंबईचं नौवहन महासंचालनालय, म्हणजे डीजी शिपिंग, देतं. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्यांची यादी आहे. त्यात नंबर, पत्ता आणि मुदत तिन्ही तपासायचं. कधीकधी नंबर खरा असतो पण तो दुसऱ्याच कंपनीचा असतो. भारताने २०१५ मध्ये सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, मान्य केला. त्या करारानुसार भरतीच्या कामात खलाशाने स्वतः करायचा खर्च म्हणजे वैद्यकीय दाखला, खलाशाचं पुस्तक आणि पासपोर्ट एवढाच. व्हिसाचा खर्चही जहाजमालकाने करायचा असतो. हे वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

मुलाखत ऑक्टोबर २०२३ मध्ये पणजीच्या एका हॉटेलात झाली. यादीत असलेल्या एका कंपनीने गोव्यात भरती ठेवली होती. सकाळी आठला रांगेत शंभराच्या वर मुलं, बहुतेक माझ्याच वयाची, इस्त्री केलेले शर्ट, हातात प्लास्टिकचे फोल्डर. आधी मार्लिन्स म्हणजे संगणकावरची इंग्रजीची चाचणी: ऐकणं, शब्द, वाक्यं. मग एचआरची बाई, मग शेफ. शेफने पाच मदर सॉस विचारले, ज्युलियन आणि ब्रुन्वाज या भाजी कापण्याच्या दोन पद्धतींमधला फरक विचारला, कच्च्या चिकनला कुठल्या रंगाचा बोर्ड वापरायचा ते विचारलं. मग स्वच्छतेवर बराच वेळ थांबला. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथलं सार्वजनिक आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले तर जहाज नापास. त्यामुळे त्यांना असा माणूस हवा असतो जो फ्रिजचं तापमान लिहून ठेवायला कंटाळत नाही. माझं इंग्रजी अडखळत होतं. हॉटेलात आम्ही नोंदवही कशी भरायचो ते मी सावकाश, एक एक करून सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "आठ महिने घरी जाता येणार नाही. जमेल?" मी हो म्हटलं. खरं उत्तर मलाही माहीत नव्हतं, पण त्या क्षणी हो म्हणताना आवाज हलला नाही.

दहा-बारा दिवसांनी ईमेलवर पत्र आलं. सहायक कुक, पगार महिना आठशे डॉलरच्या आसपास, कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं. खाली लागणाऱ्या कागदांची यादी होती. ही यादी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. माझ्या कंपनीला भारतीय सीडीसी हवी होती, सगळ्यांनाच लागते असं नाही. दुसऱ्याच्या यादीवरून धावू नका.

घरात त्या रात्री आई रडली. आजीला वाटत होतं, बोटीवर मुली जातच नाहीत. बाबा म्हणाले, "खाणीवर माझा जन्म गेला, शेवटी काय उरलं? जाऊ दे तिला." दुसऱ्या दिवशी मी आमच्या हॉटेलच्या शेफना घरी फोन करायला लावला. मुलींच्या केबिनमध्ये मुलीच असतात, तक्रार करायची असेल तर जहाजावरच ठरलेली पद्धत असते आणि ती कॉन्ट्रॅक्टबरोबर लेखी मिळते, हे सगळं त्यांनी आईला समजावून सांगितलं. मुलींना माझं सांगणं आहे, की घरच्यांना पटवायला नुसतं आपण बोलून पुरत नाही. जहाजावर राहून आलेल्या एखाद्या बाईशी किंवा अनुभवी माणसाशी त्यांचं थेट बोलणं करून द्या.

नोव्हेंबरात वैद्यकीय तपासणी. ती डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान, डोळे, दात. रंग ओळखण्यासाठी ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावतात. त्यात सगळं ठीक होतं, पण हिमोग्लोबिन नऊच्या खाली आलं. डॉक्टरांनी दाखला दिला नाही. "औषध घे, खाणं सुधार, जानेवारीत ये," एवढंच म्हणाले.

हे दोन महिने मला सगळ्यात जड गेले. हॉटेलात सीझन जोरात होता आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले होते, कारण घरात पैसे हवे होते. दिवसभर उभं राहून काम, रात्री लोहाच्या गोळ्या. आई पिशवीत भरून नाचण्याचे लाडू, तांबडी भाजी, काळ्या वाटाण्यांची उसळ पाठवायची. जहाजाची तारीख हातची जाईल या भीतीने झोप लागत नसे. कंपनीच्या मॅडमना मी डॉक्टरांचं पत्र स्कॅन करून पाठवलं आणि कधीपर्यंत थांबाल ते लेखी मागितलं. त्यांनी मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली. ती ईमेल आली तेव्हा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे मुलींच्या रक्ताची तपासणी कुणी सहजासहजी करत नाही. बोटीवर जायचं मनात असेल तर तीन-चार महिने आधी जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि दात किडले असतील तर तेही भरून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये अकराच्या वर आकडा आला आणि दाखला मिळाला. त्याची मुदत दोन वर्षांची.

पुढचं पाऊल इंडोस नंबर. खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला हा तुमचा क्रमांक, जन्मभर तोच राहतो. अर्ज ऑनलाइन, प्रशिक्षण संस्था मदत करते. त्यानंतर एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, पाच प्राथमिक कोर्स: समुद्रात जीव वाचवण्याचं तंत्र, आग रोखणं आणि विझवणं, प्राथमिक उपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदाऱ्या, आणि जहाजाच्या सुरक्षाव्यवस्थेचं प्रशिक्षण. सगळे मिळून साधारण दोन आठवडे, मला बारा हजारांच्या आसपास पडले. मी वास्को भागातल्या एका मान्यताप्राप्त संस्थेत केले. साखळीहून पहाटेची बस, पणजीला बदलून वास्को. झुआरीवर नवा पूल झाल्यापासून तिथली कोंडी सुटलीय, तरीही मी तेवढे दिवस वास्कोला मावशीकडेच राहिले, कारण हजेरी फार कडक असते आणि एक दिवस चुकला तर तो कोर्स पुन्हा पुढच्या तुकडीबरोबर करावा लागतो.

पाण्याची मला भीती होती. खाणीच्या भागात वाढलेली मी, वाळवंटी नदीत गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेले नव्हते. जीवनरक्षणाच्या कोर्समध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारायची असते: एक हात नाकावर, दुसऱ्या हाताने जॅकेट घट्ट धरलेलं, नजर सरळ समोर. खाली बघायचं नाही. प्रशिक्षक जुने नौदलातले, त्यांनी मला रांगेत शेवटी ठेवलं आणि म्हणाले, "जॅकेट तुला वर आणणारच आहे, तू फक्त पाय पुढे टाक." आणि खरंच वर आणतं. मग उलटा झालेला लाइफराफ्ट सरळ करायचा, थंड पाण्यात गुडघे छातीशी घेऊन ऊब टिकवायची, एकमेकांना धरून गोल करायचा. पोहता येत नसलं तरी कोर्स होतो, पण जायच्या आधी महिनाभर पोहायला शिकलात तर मन खूप हलकं राहील. आगीच्या कोर्समध्ये धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीतून श्वासाचं उपकरण लावून भिंतीला हात लावत बाहेर यायचं होतं. तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नाही हे किचनमध्ये आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवतात, पण कुठल्या आगीला कुठलं अग्निशामक हे मी तिथेच नीट शिकले, आणि आमच्या हॉटेलातल्या प्रत्येक कॉमीला हे शिकवायला हवं असं मला वाटतं.

सर्टिफिकेटं हातात आली की सीडीसीचा अर्ज. सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, पासपोर्टसारखंच दिसतं, मुदत दहा वर्षं. माझा अर्ज मुंबईच्या शिपिंग मास्तरांकडे गेला; ते ऑफिस बॅलार्ड इस्टेटच्या नौ भवनात आहे. पण जावं लागलं नाही, सगळं ऑनलाइन. फी माझ्या वेळी सातशे रुपये. फोटो आणि सही यांचा आकार अगदी ठरलेला असतो. मोबाइलने काढलेला फोटो कापून टाकण्यापेक्षा स्टुडिओत जाऊन मापाची फाइल मागून घ्या. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, दहावीचं दुरुस्त प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, पाचही सर्टिफिकेटं. एकदा माझ्या अर्जावर शेरा आला की एक स्कॅन वाचता येत नाही. तो नवा टाकला. नाव जुळत असल्यामुळे त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मार्चच्या मध्यात पोस्टमन पुस्तक घेऊन घरी आला. बाबांनी प्रत्येक पान उलटून पाहिलं. सगळी कोरीच होती, तरी पाहत राहिले.

अमेरिकेचा सी-वन/डी व्हिसा एप्रिलमध्ये. जहाजावर कामाला जाणाऱ्यांसाठी हाच असतो. डीएस-१६० अर्ज भरायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. मधेमधे सेव्ह करत राहा आणि अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. फी १८५ डॉलर. ती आधी माझ्याकडून भरून घेतली, तेव्हा मी एमएलसीचा तो मुद्दा ईमेलमध्ये लिहिला. मॅडमनी पावती जपून ठेवायला सांगितलं आणि पहिल्या पगारात ते पैसे परत आले. थिवीहून कोकणकन्येने रात्रभर प्रवास, पहाटे सीएसएमटी. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल, बॅग काहीच नेऊ देत नाहीत. सोबत कुणी असेल तर त्याच्याकडे सगळं देता येतं, म्हणून बाबा आले होते. खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, कुठली कंपनी, काय काम, अमेरिकेत कुणी नातेवाईक आहेत का, आधी कुठे काम केलं. दोन-तीन मिनिटांत संपलं. बाहेर आल्यावर मी बाबांना सांगितलं आणि आम्ही रस्त्यावरच्या गाडीवर वडापाव खाल्ला, सकाळपासून दोघांनीही काही खाल्लं नव्हतं.

राहिलं पीतज्वराचं लसीकरण. गोव्यात ते मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात होतं. ही लस ठरावीक वारीच देतात, कारण एकदा कुपी उघडली की ती लगेच संपवावी लागते. आधी फोन करून वार विचारा, आणि पासपोर्ट न्या. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून निघायच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

सगळा खर्च जोडला तर, व्हिसाचे परत आलेले पैसे सोडून, तीस हजारांच्या आतबाहेर झाला. त्यात मुंबईचा प्रवास, बॅग आणि न घसरणारे बूटही आले. दीड लाख मागणाऱ्याकडून मी काय विकत घेतलं असतं, हा प्रश्न मला आजही पडतो.

जून २०२४ मध्ये मायामीला जहाज धरलं. विमानाचं तिकीट कंपनीचं. पहिल्या दिवशी सीडीसी आणि पासपोर्ट क्रू ऑफिसात जमा, मग सुरक्षेचं प्रशिक्षण, मग थेट भाज्यांच्या विभागात. कांद्याच्या पोत्यांचा हिशोब करायचा नसतो, कामच करत राहायचं. दिवसाला दहा-अकरा तास, साप्ताहिक सुट्टी नाही. नियमाप्रमाणे २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तासांच्या नोंदीवर तुमची सही घेतात, ती वाचूनच करा. पहिले दोन आठवडे समुद्र लागला, हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं यावर दिवस काढले. चवथीला मी वेगळ्याच वेळेच्या पट्ट्यात होते. घरी आरती चालू असताना आईने फोन माटोळीसमोर, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या सजावटीसमोर, धरला आणि माझ्या हातात त्या वेळी सोललेल्या गाजरांचा ट्रे होता. त्या दिवशी खूप रडले. पण त्याच महिन्यात मला कोल्ड किचनमध्ये बदललं, आणि तिथल्या फिलिपिनो शेफने मला जे शिकवलं त्याने माझे हात बदलले. आठशे लोकांचं सॅलड एका वेळी उभं करताना हात कसा चालवायचा, हे गोव्यातल्या माझ्या हॉटेलात शिकायला मला वर्षं लागली असती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये उतरले. उतरताना सीडीसीतल्या नोंदी तिथेच तपासा: चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, जहाजाचं नाव, शिक्का. घरी आल्यावर चूक सापडली तर ती दुरुस्त करायला महिने जातात.

वाचवलेल्या पैशांतून बँकेचं ट्रकाचं उरलेलं देणं फिटलं. पुढचा हुद्दा थर्ड कुकचा, तो दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या मध्यावर मिळू शकतो. चार-पाच कॉन्ट्रॅक्टं करून साखळीत एक बेकरी टाकायची, सकाळी ताजा ब्रेड आणि लग्नाकार्यांच्या ऑर्डरी, असं मनात आहे. जागा बघून ठेवलीय. सरकारी परीक्षेला बसणारी मैत्रीण पहिली पायरी पास झालीय आणि दुसरीची वाट बघतेय. वेर्ण्याचा मित्र अजून कंत्राटदाराच्याच पटावर आहे, पण आता त्याने इंडोसबद्दल विचारलंय. त्याला गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये, जायचं नाही, इंजिनात जायचंय, म्हणून मी त्याला प्री-सी प्रशिक्षण देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाठवली.

माझं पुढचं जॉइनिंग मे महिन्यात आहे. वैद्यकीय दाखल्याची मुदत जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटाला संपते, आणि परतीची तारीख पुढे गेली तर जहाजावर अडचण होईल. म्हणून तो आत्ताच नवा करून घेतेय. रक्ताची तपासणी घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच केली, साडेबारा आलं. कुणाला आपले दाखले एकदा दाखवून घ्यायचे असतील तर मे महिन्यापर्यंत मी घरीच आहे; येताना मूळ प्रती आणा, मोबाइलमधल्या फोटोंत स्पेलिंग नीट दिसत नाही.